ऐकू येते, पण कळत नाही!
श्रवणयंत्राचे तंत्र आणि त्याच्या किमतीमागचे गणित

चादर आणि टॉवेल या दोन वस्तूंनी सोलापूरचे नाव देशभर पोहोचवले. १८७७ च्या सुमारास सुरू झालेली 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग' म्हणजेच जुनी मिल १९६३ मध्ये बंद पडली. पुढे इतर गिरण्यांचे भोंगेही एकेक करून शांत झाले. विणकाम मात्र थांबले नाही. पूर्व भागातील पेठांमध्ये आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांचा खडखडाट चालूच राहिला. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक निर्देशांकनही मिळाले. या लौकिकाची एक किंमत मात्र कोणत्याही हिशेबवहीत नोंदली गेली नाही. ती मागावर उभे राहणाऱ्यांनी आपल्या कानांनी चुकवली.

तीस-पस्तीस वर्षे मागावर काढलेला माणूस घरी बसू लागला, की हळूहळू तक्रारी सुरू होतात. दूरचित्रवाणीचा आवाज वाढत जातो. प्रश्न एक आणि उत्तर भलतेच, असे वारंवार घडते. 'बाबा लक्षच देत नाहीत' असे घरच्यांना वाटते, तर 'सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात' असे बाबांना वाटते. अखेर कोणीतरी श्रवणयंत्राचा विषय काढतो आणि चौकशी केली, की दोन-तीन हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंतचे आकडे समोर येतात. यातले नेमके कोणते घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर दरपत्रकात नसते, ते कानाच्या तपासणीत असते. तो क्रम उलटला, तर महागातले महाग यंत्रही कपाटाच्या खणात जाऊन पडते.

माग कानाचे काय करतो?

धोट्याच्या जुन्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो. प्रत्येक फेकीला आघात आणि प्रत्येक फेकीनंतर फणीचा ठोका. एका शेडमध्ये असे अनेक माग एकाच वेळी चालतात. वरचा पत्रा आणि भोवतीच्या भिंती हा आवाज शोषून घेत नाहीत, उलट परतवतात. अशा ठिकाणी आवाजाची पातळी ९० डेसिबलच्या वर जाते. दोन माणसांचे साधे बोलणे असते सुमारे ६० डेसिबलचे. दोहोंतील अंतर केवळ ३०चे दिसते. परंतु डेसिबलचे माप सरळ बेरजेचे नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ९० डेसिबलच्या आवाजाची तीव्रता ६० डेसिबलच्या हजारपट असते.

आतल्या कानात 'कॉक्लिया' नावाचा गोगलगाईच्या शंखासारखा अवयव असतो. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत संदेशात रूपांतर करण्यात त्यांचा मुख्य वाटा असतो. या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच. एकदा मेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. दीर्घकाळच्या मोठ्या आवाजाने त्या झिजतात आणि पहिला फटका बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर टिपणाऱ्या पेशींना. सुरुवातीला पाळी संपल्यावर कानात गुणगुण होते, कान बसल्यासारखे वाटतात आणि सकाळी पुन्हा बरे वाटते. वर्षानुवर्षे हेच घडत राहिले, की सकाळची ती भरपाई होईनाशी होते.

हे जगात सर्वत्र घडले आहे. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांत स्त्री-कामगारांनी ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्याची एक पद्धतच विकसित केली होती. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाची व्यवसायजन्य आजार म्हणून नोंद होती. त्याखालच्या नियमांचे गणितही स्पष्ट होते: ९० डेसिबलमध्ये आठ तास, ९५ मध्ये चार तास, १०० मध्ये दोनच तास. परंतु विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान दहा कामगार असले तरच तो कायदा लागू होत असे. पाच-सात माणसांवर चालणारी छोटी शेड सहसा त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

आवाज आहे, शब्द नाही

'ऐकू येते, पण कळत नाही' ही तक्रार वरकरणी विचित्र वाटते. तिच्यामागे साधे शास्त्र आहे. आपल्या बोलण्यातील आ, ई, ऊ हे स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले असतात. याउलट स, श, फ, थ, ख, त यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा ध्वनी क्षीण आणि उंच पट्टीतला असतो. शब्दाला आवाज देतात ते स्वर, अर्थ देतात ती मुख्यतः व्यंजने. उंच पट्टीतील श्रवण गेलेल्या माणसाला 'साप', 'ताप', 'थाप' आणि 'काप' हे चारही शब्द जवळजवळ 'आप' असेच ऐकू येतात. शांत खोलीत, समोरासमोर, संदर्भावरून तो अर्थ लावतो. लग्नघरात किंवा बाजारात मात्र हा अंदाज फसतो.

घरचे अशा वेळी मोठ्याने ओरडतात. त्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजने फारशी सुधारत नाहीत. शिवाय अशा कानाचे आणखी एक वैशिष्ट्य असते. त्याला हळू आवाज ऐकू येत नाही. परंतु आवाज थोडा वाढला, की तो असह्य होतो. 'ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला' आणि 'ओरडू नका, मी बहिरा नाही' ही एकाच माणसाची एकामागून एक येणारी दोन वाक्ये म्हणजे लहरीपणा नव्हे. 'कळू लागणे' आणि 'सोसवेनासे होणे' यांमधली पट्टी अरुंद झाल्याचे ते लक्षण आहे.

म्हणूनच सगळे आवाज सरसकट मोठे करणारे यंत्र अशा माणसाच्या उपयोगाचे नसते. दुकानातून किंवा इंटरनेटवरून तपासणीविना विकत घेतलेली स्वस्त 'आवाज वाढवणारी' यंत्रे नेमके हेच करतात. भांड्यांचा खणखणाट वाढतो, शब्द आहे तिथेच राहतो आणि उरलेल्या केसपेशींवर नवा ताण येतो.

आधी तपासणी, मग यंत्र

पहिली पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञांची. कानातला मळ, पडद्याला पडलेले छिद्र, मधल्या कानातील पू किंवा हाडांच्या साखळीतील दोष यांमुळे आलेला बहिरेपणा बहुधा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. तेथे यंत्राची घाई करण्याचे कारण नाही. एकाएकी, एक-दोन दिवसांत एका कानाचे ऐकणे गेले असेल, तर ती तातडीची वैद्यकीय स्थिती समजावी. उपचार जितके लवकर, तितकी श्रवण परतण्याची शक्यता अधिक. एकाच कानाने कमी ऐकू येणे किंवा एकाच कानात सतत गुणगुण असणे यांचीही स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.

दुसरी पायरी श्रवणतज्ज्ञाची, म्हणजेच ऑडिओलॉजिस्टची. आवाजबंद खोलीत वेगवेगळ्या पट्टीतले सूर ऐकवून प्रत्येक कानाची ऐकण्याची सीमा मोजली जाते. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच्या या नोंदींचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. मागाच्या आवाजाने बाधित झालेल्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झजवळ एक खळगा दिसतो. वाढत्या वयाचा बहिरेपणा मात्र उंच पट्टीकडे सरळ उतरत जातो. अनेक वयस्कर कामगारांत या दोन्ही खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार २० डेसिबलपर्यंतची सीमा सामान्य मानली जाते. २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र अशा पुढच्या पायऱ्या आहेत.

यासोबत शब्द ऐकवून ते ओळखता येतात का, हेही पाहिले जाते. सोलापुरात या चाचणीला विशेष महत्त्व आहे. येथील अनेक विणकर कुटुंबांत घरची भाषा तेलुगू, शेजारची कन्नड किंवा उर्दू आणि व्यवहाराची मराठी असते. ज्या भाषेत माणूस लहानपणापासून बोलत आला, त्या भाषेतील शब्दांवरच चाचणी व्हायला हवी. अन्यथा भाषेची अडचण कानाच्या माथी मारली जाते.

श्रवणतज्ज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद वैधानिक झाली. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. यंत्र विकणारा आणि यंत्र जुळवणारा हे नेहमी एकच नसतात.

यंत्राच्या आत

मूळ रचना साधी आहे. मायक्रोफोन आवाज टिपतो, प्रवर्धक तो वाढवतो, रिसीव्हर म्हणजे छोटा ध्वनिक्षेपक तो कानात सोडतो आणि सेल या सगळ्यांना वीज पुरवतो. १९५२-५३ च्या सुमारास ट्रान्झिस्टर आला आणि यंत्राचा आकार एकदम घटला. १९९६ मध्ये पूर्णतः डिजिटल यंत्रे बाजारात आली आणि खरा बदल झाला. आता आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते, त्यावर गणिती प्रक्रिया होते आणि मग तो पुन्हा आवाज होऊन कानात जातो. हे सर्व सेकंदाच्या काही हजाराव्या भागात घडते.

डिजिटल यंत्राची कामे मुख्यतः चार. पहिले, पट्टीनुसार वाढ. आलेखात जिथे खळगा आहे तिथेच आवाज वाढवायचा, बाकी ठिकाणी नाही. यासाठी आवाजाचे निरनिराळ्या पट्ट्यांत विभाजन केले जाते. जाहिरातींत 'चॅनेल' म्हणून मिरवतात, ते हेच. दुसरे, संकोचन. हळू आवाज जास्त वाढवायचा, मध्यम आवाज थोडा आणि मोठा आवाज जवळजवळ वाढवायचाच नाही, जेणेकरून कानाच्या अरुंद झालेल्या पट्टीत सगळे बसावे. तिसरे, दिशा ओळखणे. दोन मायक्रोफोनच्या साहाय्याने समोरच्या माणसाचा आवाज पुढे आणि मागचा गोंगाट मागे ठेवण्याचा प्रयत्न होतो. चौथे, शिटी थांबवणे. यंत्रातून बाहेर पडलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला, की जी 'कुंई' ऐकू येते, ती डिजिटल यंत्रे बऱ्याच अंशी आवरतात.

मोबाइलशी बिनतारी जोडणी, आजूबाजूची परिस्थिती ओळखून आपोआप बदलणारे कार्यक्रम, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी ही पुढची वाढ. ती सोयीची आहे. पण पहिली दोन कामे नीट झाली नाहीत, तर या सोयींनी काहीही साधत नाही.

खिशातले, कानामागचे, कानातले

आकाराचा निर्णय बहुधा 'दिसू नये' या इच्छेने घेतला जातो. तो बहिरेपणाच्या प्रमाणावर आणि हातांच्या सवयीवर घ्यायला हवा.

खिशात ठेवायचे, वायर असलेले यंत्र सर्वांत स्वस्त. बटणे मोठी, हाताळायला सोपे; पण कपड्यांच्या घर्षणाचा आवाज त्यात येतो. कानामागे बसणारे यंत्र सर्वांत भरवशाचे. सौम्यापासून अतितीव्र बहिरेपणापर्यंत ते चालते. कानाच्या मापाने घेतलेला साचा त्याला जोडावा लागतो आणि हा साचा नीट बसला नाही, तर शिटी वाजते आणि कान दुखतो. रिसीव्हर कानात आणि बाकी भाग कानामागे असलेले छोटे यंत्र सध्या लोकप्रिय आहे. उंच पट्टीतील श्रवण गेलेल्यांना ते सोयीचे ठरते, कारण कान पूर्ण बंद होत नाही आणि स्वतःचाच आवाज घुमत नाही. पूर्णपणे कानाच्या आत बसणारे यंत्र दिसत नाही हे खरे. परंतु त्याचा सेल नखाएवढा असतो, मळाने ते लवकर तुंबते आणि थरथरत्या बोटांना ते हाताळणे अवघड जाते.

सोलापूरच्या हवेचाही विचार हवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, घाम वाढतो, धूळ असते आणि मागाजवळ कापसाची तूसही उडते. ओलावा आणि धूळ हे यंत्राचे दोन मोठे शत्रू आहेत. रात्री यंत्र काढून, सेलचे दार उघडे ठेवून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवण्याची सवय यंत्राचे आयुष्य वाढवते.

किंमत कशाची?

बाजारातील दर कंपनी व विक्रेत्याप्रमाणे बदलतात. तरी ढोबळ चित्र असे. खिशातले यंत्र हजार-दोन हजारांपासून मिळते. कानामागचे प्राथमिक डिजिटल यंत्र साधारण १० ते २५ हजारांत येते. मधल्या श्रेणीतील यंत्रे तीस हजारांच्या पुढे सुरू होतात. वरच्या श्रेणीत एका कानाची किंमत लाखाच्या पुढे जाते. श्रवणयंत्रांवर वस्तू व सेवा कर आकारला जात नाही.

मुठीत मावणाऱ्या वस्तूला एवढा दर का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पहिले कारण बाजाराच्या रचनेत आहे. जगातील बहुतांश श्रवणयंत्रे सोनोव्हा, डिमांट, डब्ल्यूएस ऑडिओलॉजी, जीएन आणि स्टार्की या पाच समूहांकडून येतात. संशोधनाचा खर्च मोठा आणि मोबाइलच्या तुलनेत विक्री अत्यल्प. दुसरे कारण श्रेणीकरणात आहे. अनेकदा एकाच मालिकेतील स्वस्त आणि महाग यंत्रांचे बाह्यरूप व मूळ घडण सारखीच असते आणि फरक असतो तो खुल्या केलेल्या सुविधांचा. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. तपासणी, साचा, जुळवणी आणि पुढील काही वर्षांच्या फेऱ्या यांचे शुल्क बहुधा यंत्राच्या किमतीतच मिळवलेले असते. ग्राहकाला वाटते त्याने यंत्र घेतले, प्रत्यक्षात त्याने सेवाही घेतलेली असते. ती वसूल करायला तो पुन्हा गेला नाही, तर तेवढे पैसे वाया जातात.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम बहिरेपणा असलेल्या प्रौढांसाठी चिठ्ठीविना श्रवणयंत्रे विकण्यास मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये एका प्रसिद्ध कंपनीच्या इअरबडमधील श्रवणयंत्राच्या सुविधेला तेथील औषध प्रशासनाने मान्यता दिली. किमती खाली येण्याच्या दृष्टीने ही घडामोड महत्त्वाची आहे. मात्र ती सौम्य-मध्यम बहिरेपणापुरतीच आहे, हे विसरता येत नाही.

एक साधा हिशेब

एका कानासाठी १८ हजारांचे प्राथमिक डिजिटल यंत्र घेतले आणि ते पाच वर्षे टिकले, असे धरू. त्यात १३ क्रमांकाचा, नारिंगी खुणेचा सेल लागतो आणि तो सुमारे दहा दिवस चालतो. म्हणजे वर्षाला ३६ सेल. एका सेलला ३० रुपये धरले, तर वर्षाला १,०८० आणि पाच वर्षांत ५,४०० रुपये. एकूण खर्च २३,४००. पाच वर्षांच्या १,८२५ दिवसांत विभागला, तर दिवसाला सुमारे १३ रुपये. आता हेच यंत्र महिनाभर वापरून खणात ठेवले, तर प्रत्येक दिवस सहाशे रुपयांचा पडला. यंत्र महाग की स्वस्त, हे त्याच्या किमतीइतकेच वापराच्या दिवसांवरही ठरते.

दोन्ही कान सारखेच अधू असतील, तर एका भारी यंत्रापेक्षा दोन साधी यंत्रे बहुधा अधिक उपयोगी पडतात. आवाज कोणत्या दिशेने येतो, हे मेंदू दोन्ही कानांतील फरकावरून ठरवतो. रस्ता ओलांडताना हा फरक जिवाशी निगडित असतो.

सेलबाबत एक बारकावा. हे झिंक-एअर सेल हवेतील प्राणवायूवर चालतात. वरची चिकटपट्टी काढली, की ते जागे होतात. पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मगच सेल बसवावा आणि एकदा काढलेली पट्टी पुन्हा लावून सेल वाचेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

यंत्र घेण्यापूर्वी विचारावे असे प्रश्न:
* माझ्या ऑडिओग्रामची प्रत मला मिळेल का?
* घरी, बाजारात वापरून पाहण्यासाठी यंत्र किती दिवस मिळेल?
* जुळवणीच्या किती फेऱ्या किमतीत धरल्या आहेत?
* हमी किती वर्षांची आणि त्यात कोणते भाग येतात?
* दुरुस्ती सोलापुरात होते, की यंत्र बाहेरगावी पाठवावे लागते? त्या काळात पर्यायी यंत्र मिळते का?
* साचा बदलण्याचा आणि सेलचा खर्च किती?

मदत कोठे मिळते?

केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून दिव्यांग व्यक्तींना सहायक साधने दिली जातात. श्रवणयंत्रे त्यांत येतात. वाटपाचे मोठे काम कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी उपक्रमामार्फत होते. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. तपासणी व प्रमाणपत्रासाठी सोलापूरकरांना डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात चौकशी करता येते.

येथेच एक अडचण उभी राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यांवर ६० ते ७० डेसिबलची हानी असेल, तर व्यक्ती 'कर्णबाधित' ठरते आणि ७० च्या पुढे 'बधिर'. मागावरच्या माणसाची हानी उंच पट्टीत खोल आणि खालच्या पट्टीत उथळ असते. सरासरी काढली, की ती ४०-४५ डेसिबलवर येते. त्याला शब्द कळत नाहीत, पण कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही. ज्याला साध्या डिजिटल यंत्राचा सर्वाधिक लाभ होईल, तोच नेमका बाहेर राहतो.

अशांपैकी ज्येष्ठ नागरिकांना दोन दारे खुली आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'राष्ट्रीय वयोश्री योजने'त ६० वर्षांवरील अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना श्रवणयंत्रासह विविध साधने दिली जातात. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या 'मुख्यमंत्री वयोश्री योजने'त ६५ वर्षांवरील, वार्षिक दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र ज्येष्ठांच्या बँक खात्यात साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये जमा करण्याची तरतूद करण्यात आली. या रकमेत चांगले डिजिटल यंत्र येत नाही. तथापि साच्याचा आणि दीड-दोन वर्षांच्या सेलचा खर्च भागू शकतो. कामगार विम्याखाली येणाऱ्यांनी विमा रुग्णालयातही विचारणा करावी. खासगी आरोग्य विम्यात श्रवणयंत्राचा खर्च अनेकदा वगळलेला असतो, त्यामुळे पॉलिसीतील अटी आधी वाचलेल्या बऱ्या. गुंतागुंतीच्या तपासणीसाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे.

यंत्र खणात का जाते?

चष्मा लावला, की अक्षरे त्याच क्षणी दिसतात. श्रवणयंत्राचे तसे नाही. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज एकदम परत येतात. पंख्याची घरघर, पातेल्याचा ठणका, स्वतःच्या पावलांचा आवाज. मेंदूला यातले काय टाकायचे आणि काय ठेवायचे, हे नव्याने शिकावे लागते. यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. पहिल्या आठवड्यात शांत घरात दोन-तीन तास, मग एका माणसाशी गप्पा, मग दूरचित्रवाणी आणि शेवटी बाजार किंवा समारंभ, असा क्रम ठेवला, तर त्रास कमी होतो.

या काळात दोन-तीन वेळा पुन्हा जुळवणी करून घ्यावी लागते. 'भांड्यांचा आवाज टोचतो', 'नातीचे बोलणे अजून कळत नाही' अशा नेमक्या तक्रारी लिहून नेल्या, तर श्रवणतज्ज्ञाला संगणकावर तेवढीच पट्टी बदलता येते. 'यंत्र चालत नाही' एवढ्यावर त्याला काहीच करता येत नाही.

घरच्यांचेही काम असते. दुसऱ्या खोलीतून हाक मारू नये. समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, थोडे सावकाश बोलावे. न कळल्यास तेच वाक्य ओरडून सांगण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगावे. 'जाऊ द्या, काही नाही' हे वाक्य तर कटाक्षाने टाळावे. ऐकू न येणारा माणूस हळूहळू घरातच एकटा पडतो आणि त्याची सुरुवात याच वाक्याने होते.

हे एकटेपण केवळ मनाचे दुखणे नाही. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींत श्रवणहानीचा समावेश केला आहे. याचा अर्थ श्रवणयंत्र लावले, की विसरभोळेपणा बरा होतो, असा नव्हे. पण उपचार लांबवण्याला आता पूर्वीइतके समर्थन उरलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटी लोकांना श्रवणपुनर्वसनाची गरज आहे आणि श्रवणयंत्राची गरज असलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक ते वापरतात.

जे आज मागावर उभे आहेत, त्यांच्यासाठी यंत्राहून स्वस्त उपाय उपलब्ध आहे. फोमचे कर्णरोधक किंवा कान झाकणारी टोपणे नीट बसवली, तर कानापर्यंत पोहोचणारा आवाज लक्षणीय घटतो. कापसाचा बोळा मात्र या कामी जवळजवळ निरुपयोगी असतो. त्याला वर्षातून एकदा श्रवणतपासणीची जोड दिली, तर ४००० हर्ट्झजवळचा खळगा शब्द हरवण्याआधीच लक्षात येऊ शकतो.

ज्यांना यंत्राची गरज आहेच, त्यांच्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. आजची अनेक डिजिटल यंत्रे रोज किती तास वापरली गेली, याची नोंद स्वतःच ठेवतात. पुढच्या फेरीत श्रवणतज्ज्ञ आधी ती नोंद पाहतो. तिथे दिवसाला आठ-दहा तास दिसले, तर यंत्र १५ हजारांचे असो वा दीड लाखाचे, ते सत्कारणी लागले असे समजावे. एक तासही दिसला नाही, तर नवे यंत्र शोधण्याआधी जुन्याची जुळवणी तपासून घ्यावी.